बूट काढणारा दरोडेखोर

पाहुणे सकाळी येणार, पोहे खाणार, घर बघणार, जेवणार आणि ऊन उतरायच्या आत वरवंडला परत जाणार, अशी म्हाळूआप्पांनी पक्की आखणी केली होती. फरशी दोनदा पुसून झाली होती. सोफ्यावर नवी चादर आली होती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मुलाचे वडील शंकरराव होते.

“आप्पा, गाडीनं दगा दिला बगा. सकाळचं काय जमत न्हाई. संध्याकाळी येतो.”

“संध्याकाळी?” आप्पांचा आवाज चिरकला.

“का? अडचण हाय का काय?”

“छ्या! अडचण कसली? या की. तुमचंच घर हाय.” आप्पांनी फोन ठेवला आणि ते नव्या चादरीवर मटकन बसले.

अडचण होती, आणि ती चांगली पडद्याएवढी होती. त्याच संध्याकाळी वाडीच्या शाळेमागच्या मैदानात ‘माळावरचा शेरीफ’ हा सिनेमा दाखवला जाणार होता. त्यात बँक लुटणारा, म्हातारीवर बंदूक रोखणारा आणि दिसेल त्याला गोळी घालणारा जो विल्यम नावाचा नराधम होता, तो म्हणजे स्वतः म्हाळूआप्पा.

हा सगळा उपद्व्याप स्वराजचा. स्वराज शिरूरला लग्नाचे व्हिडिओ काढायचा. नवरदेव-नवरीला हळू चालायला सांगून सांगून तो कंटाळला होता, आणि घरी बसून त्याने हॅटवाल्या, घोडेवाल्या इंग्रजी सिनेमांचा सपाटा लावला होता. एका लग्नासाठी भांडगावच्या बाजूला आला असताना त्याने आमच्या वाडीचा माळ पाहिला. वेड्या बाभळी, उडणारी धूळ, लांबवर एक उघडी टेकडी. स्वराज गाडीतून उतरला आणि म्हणाला, “अरे, ही तर अमेरिका हाय!” वाडीतल्या लोकांना हे आजवर कोणी सांगितले नव्हते.

वाडीच्या जयसिंग पाटलांनी जनरेटर दिला, जीप दिली, सगळ्यांचे जेवण अंगावर घेतले. त्यामुळे शेरीफ कोण होणार हे विचारायचे कारणच उरले नाही. प्रश्न होता व्हिलनचा. त्याला घोड्यावर बसता यायला हवे होते. म्हाळूआप्पांचे वडील मेंढरे घेऊन कोकणात उतरायचे तेव्हा अख्खा संसार घोडीच्या पाठीवर असायचा, आणि त्या संसारावर सगळ्यात वर म्हाळू. मेंढरे गेली, शेती आली, तरी आप्पांनी हौसेने एक घोडी ठेवली होती. तिचे नाव गंगी. स्वराजला खरे तर गंगीच हवी होती. पण गंगी आप्पांशिवाय कोणाला पाठीवर बसू देईना, म्हणून आप्पांना विल्यम केले. वाडीतल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या माणसाची मिशी पिळली गेली आणि गालावर काजळाने जखम काढली गेली, ती अशी.

तेव्हा मजा वाटली होती. आता प्रश्न नीलमचा होता. नीलम आप्पांची एकुलती एक लेक, सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. वरवंडचा पृथ्वीराज त्याच कंपनीत. दोघांचे आपापसांत कधीच ठरले होते, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनाही त्याची कुणकुण लागली होती, आता फक्त मुलाच्या आईचा होकार यायचा होता. आणि ती आई म्हणजे वच्छलाबाई. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी दौंडचे एक सोन्यासारखे स्थळ नाकारले होते. का, तर मुलीचा बाप कोणाच्या तरी वरातीत तोंडात नोट धरून नाचताना त्यांना दिसला. “व्याही सरळ पायजे. असलं नाटकी माणूस दारात नको,” असे म्हणून त्या उठल्या होत्या.

“आप्पा, मी सरळ सांगू का त्यांला?” नीलम म्हणाली.

“खबरदार! बाप दरोडेखोर हाय म्हणून सांगतीस व्हय?”

“सिनेमातला हाय की.”

“ती बाई नाचला म्हणून उठून गेली. मी तर म्हाताऱ्या साळूबाईवर बंदूक धरलीया!”

सगुणाबाई, म्हणजे आप्पांची मंडळी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “आन् त्यो वरवंडच्या चौकातला फ्लेक्स?”

“त्याची वेवस्था केली म्या,” आप्पा म्हणाले.

स्वराजने हायवेच्या प्रत्येक चौकात फ्लेक्स लावले होते. त्यावर कोपऱ्यात छोटा शेरीफ आणि मधोमध भलामोठा विल्यम, कारण स्वराजच्या मते भीती मोठी दिसली पाहिजे. आप्पा आठवड्यापूर्वीच गुपचूप वरवंडला जाऊन आले होते. चौकात सम्राटदादा नावाच्या एका होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचे काम चालले होते. आप्पांनी त्या पोरांना भेळ खाऊ घातली आणि सम्राटदादांना थेट विल्यमच्या छाताडावर चढवले. घाईघाईने मागे न बघता ते घरी आले. मागे बघितले असते तर पुढचा प्रकार टळला असता, पण तो भाग नंतर.

पाहुणे पाचच्या सुमारास आले. पुढे वच्छलाबाई, ताठ, पदर चापूनचोपून घेतलेला. मागे शंकरराव, पांढरे बूट, डोळ्यांवर काळा गॉगल. सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला होता तरी गॉगल उतरला नव्हता. त्यांच्यामागे पृथ्वीराज, बिचारा मान खाली घालून, जसा काही तोच दाखवायला आणलेला.

पोहे आले, चहा आला. वच्छलाबाईंनी नीलमला दोन प्रश्न विचारले. तिने नीट उत्तरे दिली. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना लांबून रिक्षावरचा भोंगा ऐकू आला.

“चला चला चला! आज दिवस मावळताच! शाळेच्या मैदानात! नराधम विल्यमच्या भूमिकेत आपल्याच वाडीचे...”

आप्पांनी सगुणाबाईंकडे पाहिले. सगुणाबाई विजेसारख्या आत गेल्या. घर्रर्रर्र! मिक्सर सुरू झाला. त्या आवाजात विल्यमही बुडाला आणि वाडीही बुडाली. रिक्षा पुढे गेली, मिक्सर थांबला.

“काय वाटतायसा?” वच्छलाबाईंनी विचारले.

“चटणी. शेंगदाण्याची,” आतून आवाज आला.

रिक्षा देवळाला वळसा घालून परत आली. “...ज्याला बघून मेंढरंसुद्धा पाणी पीत नाहीत, असे आपले...” घर्रर्रर्र!

“अजून चटणी?”

“लसणाची!”

रिक्षावाला जयसिंगचा चुलतभाऊ होता आणि त्याला काम चोख करायची सवय होती. तो तिसऱ्यांदा आला, आणि दारासमोरच थांबला. मिक्सर आता रडकुंडीला आल्यासारखा ओरडत होता.

“आता काय?” वच्छलाबाईंनी आवाज चढवून विचारले.

“दोनी येकत्र करतीया!” सगुणाबाई आतून ओरडल्या.

रिक्षा गेली. आप्पांनी कपाळ पुसले. तेवढ्यात दारात सावली पडली. डोक्यावर हॅट, अंगात चामड्याचे जाकीट, छातीवर पत्र्याचा तारा. जयसिंग पाटील शेरीफच्या पूर्ण पोशाखात स्वतः आमंत्रणाला आले होते.

“पावनं आल्यात म्हणून कळलं. राम राम शंकरराव! राम राम वहिनी! आज आमचा सिनेमा हाय. पहिल्या रांगेत सोफा टाकलाय. पावण्यांनी आल्याबिगर सुरू करणार न्हाई.”

“त्यांला लांब जायाचंय ओ,” आप्पा घाईने म्हणाले.

“लांब? वरवंड काय परदेशात हाय? आन् आप्पा, तुम्ही...”

“मला कांद्याला पाणी द्यायचंय!” आप्पा एकदम उठले. “आत्ताच लाईट हाय. उद्या पाळी बदलतीया. पावनं, माफ करा. तुमी... तुमी निवांत बसा. न्हाईतर जावा. म्हंजी घरी जावा.”

“आमी सिनेमा बघू,” वच्छलाबाई म्हणाल्या.

पाटलांच्या आमंत्रणाला आणि विहिणीच्या शब्दाला वाडीत कोणी अडवत नाही. आप्पा टॉर्च घेऊन शेताच्या दिशेने निघाले. पोरीचे लग्न आता दोन तासांच्या सिनेमाच्या हाती होते. बांधापर्यंत गेल्यावर त्यांना वाटले, निदान खोटे तरी नीट बोलावे. म्हणून त्यांनी पाटात दोन्ही पाय चपलांसकट बुडवले, चांगला चिखल लावून घेतला, आणि कांद्याकडे न जाता बांधाबांधाने मैदानाच्या मागच्या बाजूला आले.

मैदानात दोन बांबूंवर पांढरे कापड ताणले होते. उघड्यावरच्या पडद्याची मोठी सोय अशी, की सिनेमा मागूनही दिसतो, फक्त उलटा. मागे दोन शेळ्या बांधल्या होत्या. आप्पा त्यांच्याशेजारी बसले. पडदा जमिनीपासून हातभर वर होता आणि त्या फटीतून पहिल्या रांगेतल्या मंडळींचे फक्त पाय दिसत होते. जयसिंगचे टाचांचे बूट. शंकररावांचे पांढरे बूट. आणि मधे वच्छलाबाईंची पावले, चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या, बोटात ठसठशीत जोडवी. आप्पांनी ठरवले, चेहरा दिसत नाही तर नाही, त्या पावलांवरून काय ते समजून घ्यायचे.

सिनेमा सुरू झाला. धूळ उडाली, सूर लागला, आणि धुळीतून गंगीवर बसलेला विल्यम आला. कुठेतरी एक लेकरू रडायला लागले.

“आगं बया, म्हाळू!” साळूबाईंचा आवाज बायकांतून आला. “काय रुबाब हाय मुडद्याचा!”

टाळ्या पडल्या. जोडवी हलायची थांबली. आप्पांनी डोळे मिटले. झाले, ओळखले.

पुढचाच प्रसंग बँकेवरच्या दरोड्याचा होता. बँक म्हणजे बंद पडलेले रेशन दुकान. आत कॅशियर म्हणून साळूबाई. विल्यमने लाथेने दार उघडून आत शिरायचे, असे स्वराजने समजावले होते. पण विल्यम दाराशी आला, थबकला, पायरीवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.

हे बूट नीलमच्या कंपनीतले सेफ्टी शूज होते, विटकरी रंग मारलेले. त्यांच्या नाड्या लांबलचक. शूटिंगच्या दिवशी स्वराज डोक्याला हात लावून ओरडला होता, “आप्पा, बूट कशाला काढताय?”

“आत जायाचं हाय न्हवं?”

“दरोडा घालायला जायचंय!”

“घालतो की. पर उंबरा हाय.”

पुन्हा घ्यायची सोय नव्हती, कारण अख्ख्या दिवसात गंगी तेवढी एकदाच गप्प उभी राहिली होती. “एडिटिंगला काढून टाकतो,” स्वराज म्हणाला होता. तो खोटे बोलला होता हे आप्पांना आत्ता कळले. पडद्यावर विल्यमने एक बूट काढला, दुसऱ्याची गाठ बसली, ती दातांनी ओढली. आत साळूबाई हात वर करून ताटकळत उभ्या होत्या. त्यांना ‘वाचवा! वाचवा!’ असे किंचाळायचे होते. त्या विसरल्या आणि म्हणाल्या, “सावकाश, बाबा. नाडी तुटंल.”

मैदान असे काही हसले की शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

“आरं, पायताण जोडून ठिवलं बग!”

“दरोडा घालतोय, पर रीत सोडत न्हाई गडी!”

“साळूमावशी, पाणी इच्यार त्याला!”

विल्यम अनवाणी आत गेला. बंदूक रोखली. तिजोरीला लाथ मारली. आणि लाथ मारल्याबरोबर खाली वाकून, पैशाला पाय लागला म्हणून, तिजोरीला हात लावून तो कपाळाला लावला. मग पेटी उचलली, दारात वळला आणि गरजला, “पुन्हा येईन तवा रक्ताचा सडा पडंल!” एवढे म्हणून एक पायरी उतरला, परत मान वळवली आणि हळूच म्हणाला, “येतो, मावशी.”

“ये, बाबा,” पडद्यावरच्या साळूबाई म्हणाल्या.

आता शिट्ट्यांनी मैदान दणाणले. आप्पा मागे अंधारात लाजेने चूर झाले. लोक हसत होते, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. म्हाताऱ्यांच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, “त्याचा बा बी असाच हुता. कुणाच्या रानात मेंढरं बशिवली तर निघताना बांध झाडून जायाचा.” आप्पांना वडील आठवले. पण जोडवी अजून हलली नव्हती.

मग शेरीफ आला. त्याच्यासाठी शिरूरहून वरातीचा पांढरा घोडा आणला होता. देखणा घोडा, पण शूटिंगच्या वेळी लांब कुठेतरी बँड वाजला आणि घोड्याला त्याचे कर्तव्य आठवले. विल्यमचा पाठलाग करायचा सोडून तो जागेवर पुढचे पाय उचलून नाचू लागला. वर बसलेले जयसिंग एका हाताने हॅट आणि दुसऱ्याने आयाळ धरून ओरडत होते, “थांब, पाप्या!” हे घोड्याला उद्देशून होते की विल्यमला, ते कळायला मार्ग नव्हता.

“शेरीफ, नवरी कुठं हाय?” कोणीतरी विचारले.

“ए, बाजूला हो की! आप्पा दिसंनात!”

लोकांनी आण्णांनाही डोक्यावर घेतले. आण्णा वाडीचे टेलर. सिनेमात ते शवपेट्या करणारे सुतार होते. कोणी बंदूक काढली की ते कोपऱ्यातून निमूट यायचे, खिशातली टेप काढायचे आणि ज्याचे मरण जवळ त्याचे माप घेऊन जायचे. एक शब्द बोलत नसत. पण त्यांची टेप दिसली की पोरे श्वास रोखत आणि बायका “आला बाई आला” म्हणून एकमेकींना धरत. आयुष्यभर ब्लाउज शिवून जे नाव मिळाले नाही, ते आण्णांना त्या टेपने तासाभरात मिळवून दिले.

शेवटी टेकडीखाली शेरीफ आणि विल्यम समोरासमोर आले. विल्यमने बंदुकीला हात घालण्याआधी मागे वळून गंगीचा लगाम सोडला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिला लांब केले. हेही स्वराजने सांगितलेले नव्हते. आवाजाने घोडी बुजेल, म्हणून आप्पांनी केले होते.

“आरं, स्वताचं मरान म्होरं दिसतंय, आन् जनावराची काळजी करतोय,” एक बाई म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

गोळी सुटली. विल्यम छाती धरून कोसळला. आण्णा आले, टेप काढली, वाकले. आणि माप न घेताच टेप गुंडाळून खिशात घातली, आणि डोळे पुसत निघून गेले. शूटिंगच्या दिवशी आण्णांना खरोखरच भरून आले होते. लहानपणापासूनचा मित्र असा मातीत पडलेला त्यांना बघवला नव्हता.

मैदानात कोणी हलेना. पहिल्या रांगेतून एक हुंदका आला, आणि आप्पांना धक्काच बसला, कारण तो जयसिंगचा होता. तेवढ्यात पडद्यावर गंगी परत आली आणि मेलेल्या विल्यमचे तोंड हुंगू लागली. मेलेल्या विल्यमने हळूच हात वर करून तिचे नाक कुरवाळले.

“हालला! हालला!”

“जित्ता हाय! आप्पा जित्ता हाय!”

टोप्या उडाल्या. पोरे नाचली. टाचांचे बूट उभे राहिले आणि जयसिंग पाटलांनी दोन बोटे तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की आपणच त्याला मारले होते हे ते साफ विसरलेले दिसले. पडद्यावर शेरीफ न्यायाबद्दल काहीतरी बोलत होता. ते आजतागायत कोणी ऐकलेले नाही.

आप्पांनी फटीतून बघितले. टाचांचे बूट होते, पांढरे बूट होते. मधली पावले नव्हती. चपलाही नव्हत्या. वच्छलाबाई उठून गेल्या होत्या. दौंडला उठल्या होत्या तशाच.

सगळी वाडी आप्पांचे नाव घेऊन ओरडत होती आणि आप्पा शेळ्यांत डोके धरून बसले होते. नीलमला काय सांगायचे? बाप दोन दिवसांच्या हौसेपायी घोड्यावर बसला, आणि तुझे जमलेले मोडले?

“पावनं, कांद्याला पाणी पडद्यामागनं देतात व्हय?”

आप्पा दचकून वळले. वच्छलाबाई मागे उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. आप्पा कसेबसे उठले.

“ताई, चुकलं माझं. पर पोरीवर राग काढू नका. ती सांगतच हुती, खरं बोला म्हणून. मीच ऐकलं न्हाई. पुन्यांदा असल्या भानगडीत पडणार न्हाई. मिशी बी काढून टाकतो.”

“मिशीला हात लावायचा न्हाई,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आन् आमची गाडी बी बिघडली न्हवती.”

आप्पांचा मिशीकडे गेलेला हात खाली आला.

“चौकातल्या सम्राटच्या फ्लेक्सखाली कोन दडलंय ते सगळ्या वरवंडनं बघितलं. त्याचा फ्लेक्स आखूड. वर तुमची हॅट, खाली तुमचं बूट, आन् मधी सम्राट हात जोडून हसतोय. बाजूला तुमचं नाव केवढं! मी ह्यांला म्हणलं, ज्या माणसाला एवढं झाकायचंय, ते एकदा बघायलाच पायजे. म्हणून सकाळचं संध्याकाळ केलं.”

“मग... काय बघितलं?” आप्पांनी भीत भीत विचारले.

“आवो, घर बघाय गेलं की समदीच चांगली वागत्यात. गोड बोलत्यात, पोहं म्होरं करत्यात. त्यात काय कळतंय? तुमच्या हातात बंदूक हुती, म्होरं एकटी म्हातारी, अडवाय कुणी न्हाई. तवा तुमी उंबऱ्याबाहेर बसून नाडी सोडत हुता. ते शिकवून येत न्हाई, आप्पा. अशा घरातली पोरगी मी सोडीन व्हय?”

एवढ्यात त्यांना शोधत जयसिंग आणि शंकरराव पडद्यामागे आले. जयसिंगचे डोळे अजून लाल होते.

“म्हंजी पसंत?” जयसिंग खूश होऊन म्हणाले. “बगा आप्पा, उगाच घाबरलासा. आन् वहिनी, व्हिलन असून पसंत, तर आप्पा हिरो असता तर साखरपुडाच उरकला असता!”

“हिरो असता तर आल्या पावली माघारी गेलो असतो,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आमच्या घरात एक हाय. तेवढा पुरं.”

शंकररावांनी आल्यापासून पहिल्यांदाच गॉगल काढला आणि खिशात ठेवला.

सगळे मिळून घरी आले. नीलम दारातच उभी होती, पृथ्वीराज तिच्यापासून सभ्य अंतरावर. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्यांना काहीच कळलेले नाही. वच्छलाबाई चपला काढून आत गेल्या, सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “सगुणाबाई, ती चटणी द्या बांधून. दोनी येकत्र केलेली.”

सगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, मिक्सरकडे पाहिले आणि मान खाली घातली. “भांडं रिकामंच फिरवत हुते ओ.”

“ठाव हाय मला. लसूण वाटला तर वास येतो. तीनदा वाटला आन् नाकाला काय बी आलं न्हाई.” मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “राहू द्या, विहीणबाई. आता साखर तरी खरी आणा.”

विहीणबाई हा शब्द ऐकला आणि आप्पांचे भान सुटले. “मी आणतो! मीच आणतो!” असे म्हणत ते दारातूनच सुसाट आत धावले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून देवघरात. देवापुढे साखर ठेवली, नमस्कार केला, वाटी उचलली आणि तसेच धावत बाहेर आले.

“अवं!” सगुणाबाई किंचाळल्या. “चपला!”

दोनदा पुसलेल्या फरशीवर पाटातला काळा चिखल उठला होता. उंबऱ्यावरून देवापर्यंत आणि देवापासून सोफ्यापर्यंत, एकही पाऊल न चुकता. आप्पांनी खाली पाहिले आणि साखरेची वाटी हातात धरून जागच्या जागी थिजले. नीलमने तोंडावर ओढणी घेतली.

वच्छलाबाईंनी ती पावले नीट पाहिली, दारापासून सुरुवात करून.

“बँकेत काढलं,” त्या म्हणाल्या, “आन् लेकीचं जमलं म्हणल्यावर इसरलं.” डोळ्यांच्या कडा त्यांनी पदराने टिपल्या. सगुणाबाई फडके घेऊन आल्या, तर त्यांनी हात आडवा धरला. “उद्या पुसा. आज राहू द्या.”

आणि त्यांनी साखरेसाठी ओंजळ पुढे केली.